बादलीतलं जस्त

१९९१ साली मी प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि आठव्या महिन्यात एका कारखान्याला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नदीवर पूल होते. कठड्यावरून दोरीने बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, बाटल्या भरायच्या, लेबल लावायचं, की जीप पुढे. तीन महिने लागोपाठ पाण्यात जस्त सापडलं. वसाहतीत जस्ताचा मुलामा देणारा एकच कारखाना होता, त्यामुळे पुढचा विचार करायची मला गरजच वाटली नाही.

बैठकीला त्या कारखान्याचे एक वयस्कर इंजिनिअर आले होते. त्यांनी माझा तक्ता चष्मा वरखाली करत दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या वरच्या अंगालाही एवढंच जस्त आहे. तिथे नदी उलटी वाहते का?" मी गप्प. "रागावू नका, पण तुमची बादली कशाची आहे?"

जस्ती पत्र्याची होती. नवी कोरी, बाजारातून मीच निवडून आणलेली.

परत आल्यावर त्या बादलीत ऊर्ध्वपातित पाणी ओतलं, थोडा वेळ ठेवलं आणि तपासलं. नदीत सापडत होतं जवळजवळ तेवढं जस्त त्या शुद्ध पाण्यात उतरलं होतं. आमचे साहेब ओरडले नाहीत. त्यांनी ती बादली प्रयोगशाळेच्या दारात, येताजाता पायात येईल अशी ठेवायला लावली. पावसाळाभर आम्ही तिच्यात छत्र्या ठेवायचो.

मी बादलीत ओतलं त्या पाण्याला आमच्या धंद्यात ब्लँक म्हणतात. शुद्ध पाण्याची बाटली नदीवर न्यायची, तिथे उघडायची, त्याच बादलीतून, त्याच नरसाळ्यातून, त्याच हातांनी दुसऱ्या बाटलीत भरायची आणि नदीच्या नमुन्यांबरोबर तपासायला द्यायची. तिच्यात काही सापडलं तर ते नदीचं नाही, आपलं आहे. दर फेरीला एक ब्लँक आणि एकाच जागचा एक जोडनमुना, एवढा नियम मी पुढे चौतीस वर्षं मोडला नाही. जास्तीच्या बाटल्या पाहून ड्रायव्हर कुरकुरायचे, तरीही.

आता निवृत्त झाल्यावर कॉलेजातली मुलं प्रकल्पासाठी घरी येतात. हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिच्यात नदीचं पाणी. "मॅडम, ह्यात प्रदूषण आहे का सांगा ना." मी विचारते, कुठलं पाणी? घाटावरचं. किती वाजता भरलं? सकाळी कधीतरी. काठाचं की मधलं? बाटली आधी कशाची होती? मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं म्हातारी टाळतेय. पण ही उत्तरं नसतील तर प्रयोगशाळेतलं लाखो रुपयांचं यंत्रही फार तर त्या बाटलीबद्दल सांगेल, नदीबद्दल काही सांगू शकणार नाही.

वेळेचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून त्यापासून सुरू करते. कुंडलिकेचंच घ्या. रायगड जिल्ह्यातली ही नदी भिऱ्याकडून कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत. कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिल-मेमध्ये डोहांपुरत्या उरतात, कुंडलिका मात्र वाहत असते. कारण ते पाणी तिचं स्वतःचं नाही. घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तेच. तिथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, १९२७ पासून, आणि जनित्रं फिरवून झाली की कुंडलिकेला लागतं. मुळा, भीमा, कृष्णा अशी मजल मारत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी अरबी समुद्राला जातं. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून किंचाळत जाणारे मुंबई-पुण्याचे पर्यटक त्याच पाण्यावर तरंगत असतात. पाताळगंगेला असंच खोपोलीच्या वीजघराचं पाणी येतं १९१५ पासून, उल्हास नदीला भिवपुरीचं १९२२ पासून, आणि वाशिष्ठीला कोयनेचं, पोफळीहून.

म्हणजे ह्या नद्यांना आज किती पाणी असेल, हे उन्हाळ्यात विजेच्या मागणीवर ठरतं. मुंबईत दिवे-पंखे जोरात असले की वीजघर जोरात, आणि काही तासांनी नदी भरलेली. मागणी उतरली की पात्रातले दगड वर. कारखान्याच्या नळातून दिवसभर एकसारखं सांडपाणी येत असलं तरी भरल्या नदीत ते चौपट-पाचपट पातळ दिसतं. आता कल्पना करा, वरच्या पुलावर सकाळी आठला नमुना घेतला, चहा-वडापाव करून खालच्या पुलावर अकराला पोचलो. दोन पुलांवर आपण दोन वेगळ्या नद्या मोजल्या. खालचा आकडा लहान आला म्हणून कारखाना निर्दोष, आणि मोठा आला म्हणून दोषी, दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात.

म्हणून नुसता लिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा मला कधी पुरला नाही. नदी त्या वेळी किती वाहत होती तेही हवं. सेकंदाला दहा घनमीटर पाणी वाहत असेल तर लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ८६४ किलो. तक्त्यात 'फक्त एक' दिसणारी गोष्ट ट्रकने मोजावी लागते. भार मोजला की पातळपणाच्या आड लपता येत नाही.

वेळेचा दुसरा भाग रात्रीचा. देशभरातल्या नद्यांची नियमित तपासणी १९७८ पासून चालू आहे आणि कित्येक ठिकाणी ती महिन्यातून एकदा होते. बाटली भरायला एक मिनिट धरलं तर वर्षाच्या पाच लाख पंचवीस हजार सहाशे मिनिटांतली बारा. समजा कोणी आठवड्यातून एका रात्री दोन तास टाकी मोकळी करतो. आठवड्याचे तास १६८. महिन्याला एक नमुना, कुठल्याही तासाला, चिठ्ठी टाकून घेतला तरी वर्षभरात तो एकदा तरी पकडला जाण्याची शक्यता शंभरात तेरा. हे चिठ्ठी टाकून. आम्ही जायचो साडेदहा ते पाच, त्यामुळे आमच्या बाबतीत ती शक्यता शून्य होती.

ह्यावर उपाय फार जुने आहेत. चोवीस तास दर तासाला थोडं पाणी घ्यायचं आणि एकत्र करायचं, म्हणजे दिवसाची सरासरी मिळते. त्यात रात्रीचा प्रकार निदान सावलीसारखा उमटतो. तेलासाठी, जंतूंसाठी, उडून जाणाऱ्या रसायनांसाठी हे चालत नाही, तिथे प्रत्येक बाटली वेगळीच ठेवावी लागते. आता तासातासाला आपोआप बाटली भरणारी यंत्रं आहेत. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषणकारी अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर सतत मोजणारी उपकरणं बसवायला सांगितलं. चांगलं झालं. पण उपकरण नळाच्या ज्या तोंडावर बसवलेलं असतं त्याच तोंडाबद्दल ते सांगतं. कुंपणाखालून दुसरा नळ गेला असेल तर तो फक्त नदीलाच माहीत.

कुठे घ्यायचं, ह्याची गंमत मला एका पावसाळ्यानंतर कळली. नाल्याच्या तोंडापासून दोन किलोमीटर खाली आमची ठरलेली जागा होती, डाव्या काठाला, कारण जीप तिथवर जायची. आकडे नेहमी छान. एकदा गाळात रुतलेली जीप निघेना, म्हणून वेळ घालवायला कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन मी पाण्यात उतरले. हे मीटर पाण्यातले क्षार ओळखतं. दांडी बुडवायची, आकडा वाचायचा, मिनिटाचं काम. गुडघाभर, कमरेपर्यंत, पुन्हा गुडघाभर अशी नदी ओलांडली. डाव्या काठाला होता त्याच्या चौपट आकडा उजव्या काठाला. नाला उजवीकडून मिळत होता आणि ते पाणी दोन किलोमीटर खालीही काठ सोडायला तयार नव्हतं. आम्ही वर्षभर नदीच्या स्वच्छ बाजूचं प्रमाणपत्र देत होतो.

लोकांना वाटतं, घाण पाण्यात पडली की मिसळलीच. चहात साखर टाकून ढवळतो, तसं नदी ढवळत कोण बसलंय? पन्नास मीटर रुंद, मीटरभर खोल, सरळ पात्र आणि सेकंदाला एक फूट वेग धरला, तर एका काठाने सोडलेलं पाणी पूर्ण पात्रभर एकजीव व्हायला हिशेबाने कित्येक किलोमीटर लागतात. वळणं, खडक, धबधबे असतील तर हे अंतर बरंच कमी होतं, आणि आपल्याकडे ते असतात, पण शंभर पावलांत ते कधीच होत नाही. त्यामुळे आधी एक दिवस मीटर घेऊन नुसतं फिरायचं, बाटली भरायची नाही. नंतर खालच्या अंगाला डावा, मध्य, उजवा असे तीन नमुने, आणि वरच्या अंगाला नाल्यांच्याही वर, जिथे गावाचं सांडपाणीसुद्धा लागलेलं नसेल किंवा निदान किती लागलंय ते ठाऊक असेल अशी जागा. वर आणि खाली ह्यांच्या मधे दुसरा एखादा पऱ्ह्या मिळत असेल तर त्याचाही एक. नाहीतर गावाची गटारं कारखान्याच्या खात्यावर लागतात. उलटंही होतं, आणि उलटं जास्त वेळा होतं, असा माझा अनुभव.

वरचा आणि खालचा नमुना एकाच पाण्याचा हवा असेल तर पाण्याचा पाठलाग करावा लागतो. त्यासाठी आम्ही नारळ वापरायचो. नारळ जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. मोजलेल्या शंभर मीटरला किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचं. वरचं पाणी मधल्या पाण्यापेक्षा जरा पळतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. गुणून सेकंदाला अर्धा मीटर वेग आला आणि पूल सहा किलोमीटर खाली असला, तर तेच पाणी तिथे तीन तास वीस मिनिटांनी येणार. तेवढा वेळ थांबायचं. एका गावात आजींनी मला नारळ सोडताना पाहून हात जोडले. मीही जोडले, काय समजावून सांगणार?

प्राणवायूची तपासणी मात्र नदीकाठीच सुरू करावी लागते, आणि ती मला अजून आवडते. हंगेरीच्या लायोश विंकलर ह्यांनी १८८८ साली काढलेली ही पद्धत. तीनशे मिलिलिटरची, तिरक्या कापाच्या बुचाची काचेची बाटली. पाणी तिच्यात खळखळत ओतायचं नाही, नळी तळाला टेकवून शांत भरायचं, वरून सांडू द्यायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यातली हवा म्हणजे फुकटचा प्राणवायू. मग पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यामागे अल्कली-आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर बदामी, तपकिरी साका धरतो आणि ढगासारखा हळूहळू खाली बसतो. त्यावर ॲसिड घातलं की साका विरघळून सोनेरी पाणी होतं. त्यातलं दोनशे मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, रंग फिका झाला की स्टार्च, निळा रंग येतो, आणि एका थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो. द्रावणाची ताकद अशी बेतलेली असते की ब्युरेटचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू. मी हे जीपच्या बॉनेटवर ब्युरेट उभी करून केलंय. पंचवीस अंशांच्या निरोगी पाण्यात आठच्या आसपास आकडा येतो. आंघोळीच्या पाण्याला किमान पाच हवा. एका मे महिन्यात एका डोहाच्या पाण्यात साका धरला तो पांढराशुभ्र. तपकिरीचा लवलेश नाही. त्या बाटलीचं टायट्रेशन करण्यासारखं काही नव्हतं. बरोबरचा मदतनीस मुलगा म्हणाला, "मॅडम, दुधासारखं छान दिसतंय की." पांढरा साका म्हणजे पाण्यात माशाला श्वास घेण्यापुरतंही काही उरलेलं नाही.

काय तपासायचं, हा तिसरा प्रश्न, आणि इथे माझी सरकारी याद्यांबद्दल थोडी तक्रार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशात ३११ आणि महाराष्ट्रात ५५. दोन्ही वेळा आपण पहिले. ही यादी बीओडीवर बेतलेली आहे, लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात तो आकडा. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस बाटली ठेवून काढतात. भारनियमनाच्या काळात आमचा इन्क्युबेटर रोज काही तास बंद पडायचा. वीज तयार करून सोडलेलं पाणी तपासायला आमच्याकडे वीज नसायची.

तर बीओडी शहराच्या मैलापाण्याला बरोबर पकडतो. कारखान्याच्या विषारी पाण्यात मात्र जिवाणूच मरतात. जेवायला बसलेलेच मेले तर जेवण किती होतं ते कसं कळणार? आकडा लहान येतो आणि पाणी चांगलं ठरतं. ह्याची खूण अशी, की तोच नमुना जास्त पातळ करून लावला की हिशेबाने बीओडी वाढतो. असं दिसलं की मी सावध व्हायचे. बरोबर सीओडी बघायचा, तो रसायनांनी सगळं जाळून मोजलेला असतो. घरगुती मैलापाण्यात सीओडी बीओडीच्या साधारण दुप्पट असतो. पाचपट-सातपट झाला तर त्या पाण्यात जिवाणूंना न पचणारं काहीतरी आहे, आणि ते स्वयंपाकघरातून आलेलं नाही. त्यापुढचा शोध वसाहतीत काय बनतं ते बघून करावा: रंग बनवणारे असतील तर वेगळं, कीटकनाशकवाले असतील तर वेगळं, मुलामावाले असतील तर क्रोमियम, निकेल, सायनाइड. सगळीकडे सगळं तपासायला पैसे कोणाकडेच नसतात.

बाटल्याही त्याप्रमाणे. धातूंसाठी प्लास्टिकची, नायट्रिक ॲसिड घातलेली. सीओडीला सल्फ्युरिक. सायनाइडला उलट कॉस्टिक सोडा, चुकून ॲसिड पडलं तर विषारी वायू निघतो. तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली, आणि ती मात्र नदीच्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं आणि आकडा फुगतो. बाकी सगळं बर्फात. तापमान आणि पीएच तिथल्या तिथे. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, वीतभर खोल, आपण तिच्या खालच्या अंगाला उभं, पायाने गाळ न ढवळता.

किती नमुने, ह्यालाही हिशेब आहे. नदीचा आकडा रोजच्या रोज जितका वरखाली होतो, तेवढाच फरक वरच्या आणि खालच्या जागेत पकडायचा असेल, तर दोन्हीकडचे सोळा-सोळा नमुने तरी हवेत. दोन बाटल्यांवर छापलेली बातमी मी वाचते तेव्हा मला माझी बादली आठवते.

पाणी निघून जातं, गाळ राहतो. जड धातू बारीक चिकणमातीला चिकटतात आणि वळणाच्या आतल्या, संथ पाण्यात बसतात. महिन्यापूर्वीच्या रात्रीची साक्ष पाणी देणार नाही, गाळ देऊ शकतो. वाळू घ्यायची नाही, वाळूला फारसं काही चिकटत नाही. तसंच दगडांखालचे किडे. चपटे, शेपटीला तीन केसांसारखे तंतू असलेले किडे स्वच्छ, प्राणवायूच्या पाण्यात असतात. त्यांच्याऐवजी नुसत्या लाल अळ्या मिळाल्या, तर तिथे बराच काळ प्राणवायू कमी पडतोय. त्या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तगतात. दगड उलटून बघायला परवाना लागत नाही.

खाडीत मात्र वरचं अंग आणि खालचं अंग हे सगळंच उलटंपालटं. सव्वासहा तासांनी पाणी दिशा बदलतं, आणि नळाच्या वर घेतलेल्या 'स्वच्छ' नमुन्यात भरतीने नळाचंच पाणी आणून ठेवलेलं असतं. मला हे एका होडीवाल्या दाजींनी शिकवलं. मी सरकारी तक्ते घेऊन गेले होते. ते म्हणाले, "बाई, आज तिथी काय? चतुर्थी ना? तिची पाऊणपट करा. तीन. तीनला बंदरात पाणी भरतं, इथवर यायला अजून थोडं." कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यानपिढ्या चालतो आणि ढोबळमानाने जुळतो. त्यानंतर खाडीतला नेहमीच्या फेरीचा प्रत्येक नमुना मी ओहोटीच्या अखेरीला घेतला, आणि वहीत घड्याळाच्या वेळेशेजारी तिथी लिहिली. ऑडिटवाल्यांनी एकदा विचारलं, हे पंचांग कशाला?

त्याच खाडीकाठच्या एका गावात एक निवृत्त पोस्टमन राहत. रात्री उग्र वास येतो, सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात, अशी गावाची तक्रार होती. आम्ही दुपारी जायचो आणि आम्हाला काही सापडायचं नाही. तिसऱ्या खेपेला पोस्टमनकाकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्या हातात दिलं. वास आला त्या प्रत्येक दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ लिहिली होती. एक वीस. पावणेदोन. अडीच. वर्षभराची पानं मी घरी आणून मांडली. जवळजवळ सगळ्या खुणा पौर्णिमा-अमावस्येपासून तृतीयेपर्यंतच्या होत्या. पाऊणपट करून बघा: त्या रात्री सव्वाअकरा ते सव्वादोनच्या दरम्यान भरती पूर्ण होते, आणि मग उधाणाची जोरदार ओहोटी लागते. जो कोणी सोडत होता त्याला समुद्राचं वेळापत्रक आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

पुढच्या अमावस्येनंतर आम्ही तीन रात्री होडीत काढल्या. तीन जागा, रात्री साडेबारापासून पाचपर्यंत, तासाला एक फेरी. दुसऱ्या रात्री दोननंतर मीटरचा आकडा ओहोटीबरोबर उतरायच्या ऐवजी चढायला लागला आणि दाजींनी नाकाला गमछा लावला. नदीचे नमुने आम्हाला जागा आणि वेळ दाखवू शकत होते, कोर्टात मात्र सांडपाण्याचाच नमुना लागतो. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ त्याची रीत सांगतं: कारखान्याच्या माणसाला नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या. ह्यातलं एक चुकलं की अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. संबंधित अधिकारी तृतीयेच्या रात्री तयारीने आले. वाऱ्याने मेणबत्ती विझत होती, लाख वितळत नव्हती, शेवटी कोणीतरी छत्री आडवी धरली तेव्हा सील झालं.

सांडपाण्यातल्या सीओडीची मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. त्या बाटलीचा आकडा तिच्या कितीतरी पट होता.

तुमच्या भिंतीवरही कॅलेंडर असेल. नदीजवळ किंवा खाडीजवळ राहत असाल तर वास, रंग, फेस, मेलेले मासे, जे दिसेल ते त्या दिवसाच्या चौकोनात वेळेसकट लिहा, पाणी चढतं होतं की उतरतं तेही लिहा, काही झालं नाही ते दिवस कोरे ठेवा. सहा महिन्यांची पानं जमली की त्यांच्या झेरॉक्स काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मूळ पानं देऊ नका.